झिग्मुंटच्या गाडीचं डावं दार

नाही नाही, थांब — स्क्रूला आत्ताच हात लावू नकोस मुनिफ, आधी तो पिवळा ठिपका बघ. दिसला ना? दाराच्या ह्या आतल्या पॅनलला सात स्क्रू, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एकेक ठिपका. माझ्या बापाने लावलेत, बेचाळीस वर्षांपूर्वी, स्वतःच्या हाताने. स्क्रू फिरला की ठिपका मोडतो, आणि ठिपका मोडला की झिग्मुंट नोवारा यांना कळतं की कुणीतरी दाराला हात लावला. डोळ्यांनी आता धड दिसत नाही म्हणा, ब्याण्णव वय आहे, पण अंगठा फिरवून बघतात — मागच्या रविवारी बघितलं की! वृद्धाश्रमाच्या फाटकात मला गाडी उभी करायला लावली, दार उघडायला लावलं, एकेक ठिपका चाचपला, सात मोजले, मग 'हं' म्हणाले. म्हणून म्हणतोय, आधी हाच पिवळा जुळवून ठेव, मग उघड. आणि अगदी कोरा करकरीत नको, जरा मळका कर. रंगात तुझा हात धरणारा आपल्या हॅमट्रॅम्क गावात कुणी नाही असं सगळे सांगतात, म्हणून तर आलो तुझ्याकडे. म्हणजे, त्याच्यासाठी पण आलो.

काम पाच मिनिटांचं आहे. गाडी डावीकडे वळली की हे दार वाजतं, खळ्ळ-खळ्ळ. आत बाटली आहे. म्हणजे — असेल. बहुतेक बाटलीच असेल, मला काय माहीत, मी काय एक्स-रे मशीन आहे? कुणीतरी टवाळाने टाकली असणार तेव्हा, कारखान्यात गाड्या जोडायच्या लाइनवर असले उद्योग चालायचेच. तर ती काढायची, सोबत कागदबिगद काही निघालाच तर न वाचता माझ्याकडे द्यायचा, आणि तिच्या जागी हा — हा घे — हा गंजलेला नट आत टाकून द्यायचा. मग पॅनल लावायचं, सात ठिपके द्यायचे, झालं. नट कशाला? ते सांगतो मग. तू रंग घोट आधी.

मला विचारायचंच तर ही गाडी बनवणाऱ्या कंपनीचा इतिहास विचार. दर शनिवारी तिथल्या म्युझियममध्ये फुकट बोलतो मी — तिकीट कंपनीचं, घसा माझा. आजोबा पोलंडहून आले ते ह्या कंपनीच्या दारातच उतरले म्हण. तेव्हाच्या गाड्या उंच, काळ्या, चार चाकांवर ठेवलेल्या कपाटासारख्या. आजोबा पुढचं डावं चाक लावायचे. फक्त डावं. उजवं एक हंगेरियन लावायचा, त्याच्याशी त्यांचं बोलणं नव्हतं. हजारो लोकांना गाडीवर बसवलं त्या माणसाने आणि स्वतः मात्र मरेपर्यंत पायी चालला, कारण गाडीची भीती वाटायची! मग लढाई आली, गाड्या बंद, रणगाडे सुरू, आमची आजी डोक्याला फडका बांधून रणगाड्यांवर रिव्हेट मारायला जायची आणि घरी येऊन आजोबांना म्हणायची, तुमच्या चाकापेक्षा माझं काम जड आहे. लढाईनंतर काय विचारता, थाटच थाट — मागे पंख फुटले गाड्यांना, हे एवढे, क्रोमचे! आमच्याकडे सत्तावन्नची होती, आई तिच्या पंखांवर माझे मोजे वाळत घालायची, आणि बाबा तिच्यावर ओरडायचे की अगं, ती गाडी आहे, दोरी नाही. पुढे पंख गेले आणि बॉनेट लांबत लांबत गेलं, इतकं की चौकात आधी बॉनेट पोचायचं, माणूस मागाहून. त्र्याहत्तरमध्ये पेट्रोल आटलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि जपानी गाड्या आल्या — छोट्याशा, खेळण्यातल्यासारख्या. आम्ही हसलो. मी तर पोट धरून हसलो. आमच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये जपानी गाडी उभी केलीस ना, तर संध्याकाळी तिच्या चारही चाकांत हवा नसायची, आणि हवा सोडणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर हा लेशेक नोवारा. आता मी काय चालवतो? बाहेर बघू नकोस, आज हीच आणलीय. एरवी — जपानी. अकरा वर्षं झाली, एकदा बंद पडली नाही. रविवारी चर्चपासून दोन गल्ल्या लांब लावतो आणि चालत जातो, आणि बायका म्हणतात, लेशेक बघा तब्येतीला किती जपतो.

हां, ही गाडी. ही सॉव्हरिन. सत्त्याहत्तर सालची, गडद हिरवी. बाबांनी तीस वर्षं भरली आणि निवृत्तीला स्वतःच्या कारखान्यातली, स्वतःच्या लाइनवरची गाडी घेतली. ते शेवटची तपासणी करणारे इन्स्पेक्टर, लाइनच्या टोकाला उभे असायचे. तुला तुझ्या वडिलांनी सांगितलं असेल — सांगितलं नाही? कारखान्याचं काहीच बोलत नाहीत? बरं. तर बाबांचा कान असा होता की दार एकदा लोटायचे आणि नुसत्या आवाजावरून सांगायचे, बिजागरीचा वरचा बोल्ट अर्धा फेरा ढिला आहे. आणि नियम असा की इन्स्पेक्टर स्वतः काही दुरुस्त करत नाही. खडूने फुली मारायची आणि ज्याच्या हातचं काम त्याच्याकडेच परत पाठवायचं, त्याने स्वतः उघडायचं, स्वतः बघायचं, स्वतः लावायचं. घरीसुद्धा तसंच. लहानपणी मी बुटाची नाडी चुकीची बांधली तर बाबा स्वतः बांधून द्यायचे नाहीत, नुसते समोर उभे राहायचे. शाळेला रोज उशीर व्हायचा मला, एका नाडीपायी.

आणि तुझे वडील, काईद — त्यांना लाइनवर बाबांनीच आणलं. येमेनहून आलेला पोरगेलासा माणूस, इंग्रजी येत नाही, तर बाबांनी त्यांना आधी पोलिशच शिकवलं, दोघांचं पोलिशमध्ये चालायचं! तुझ्या वडिलांना अजून पोलिश शिव्या येत असतील बघ. 'मास्तर' म्हणायचे बाबांना. आमच्या ओसरीवर बसून वेलची घातलेला दुधाचा चहा त्यांनी आम्हाला प्यायला शिकवलं, बाबा बिअर ठेवून चहा प्यायला लागले, आई म्हणाली, चमत्कार आहे, मेरीमातेला मेणबत्ती लावते. लाइनवर मी काच वर-खाली करायचं यंत्र दारात बसवायचो, आणि माझ्या पुढच्याच जागेवर तुझे वडील त्यावर हे पॅनल लावायचे. सात स्क्रू. बाबा त्यांच्या दाराला टिचकी मारायचे आणि फुली न मारता पुढे जायचे. माझ्या दारांवर फुल्या असायच्या. रोज. सबंध लाइनवर सगळ्यात जास्त फुल्या इन्स्पेक्टरच्या पोराला, बोल आता.

आता बाटलीचं ऐक. लाइनवर एखाद्या फोरमनने फार छळलं आणि त्याने स्वतःसाठी गाडी मागवली असली, तर पोरं काय करायची — सोड्याच्या बाटलीत तीन-चार नट घालायचे, तारेने दाराच्या पोकळीत टांगायची, वर एक चिठ्ठी. जन्मभर वाजत राहायचं. मेकॅनिक सीट काढेल, चाकं काढेल, दाराच्या आत कोण बघतंय? आमचा फोरमन होता होरेस प्रूइट. मला तीनदा लघवीला जाऊ दिलं नव्हतं त्याने एका आठवड्यात. आणि त्याने गडद हिरवी सॉव्हरिन मागवली होती, लाइनवर सगळ्यांना माहीत होतं. तर मी काय केलं, लाल सोड्याची बाटली — म्हणजे मी नाही, त्याने, ज्या कुणी — असं काय बघतोस?

बरं. मी. झालं समाधान? मीच. बावीस वर्षांचा होतो. आणि शहाणपणा किती, तर चिठ्ठीत लिहिलं, 'सापडलं का एकदाचं, म्हाताऱ्या डुकरा? आता झोप सुखाने.' आणि खाली सही! पूर्ण सही केली, लेशेक नोवारा, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढून. चोर चोरी करतो आणि पावती ठेवून येतो, असा माणूस पाहिलायस कधी? बघून घे. इथे तुझ्या स्टुलावर बसलाय.

पुढचं तर आणखी भारी आहे. बाबांसाठी ठरलेली गाडी लाइनवर मागे पडली होती, तिच्या सीटचं कापड आलं नव्हतं. आणि शुक्रवारी निरोपाचा समारंभ, बँड ठरलेला, आईने दोनशे पिरोगी, आपल्या त्या पोलिश उकडलेल्या करंज्या, केलेल्या, बाबा कारखान्यातून स्वतःच्या गाडीत बसून बाहेर पडणार असं सगळीकडे सांगून झालेलं. तर प्रूइट — तोच प्रूइट, डुक्कर — हेड ऑफिसात गेला आणि म्हणाला, माझी गाडी झिग्मुंटला द्या, मला मागची चालेल, त्याची तीस वर्षं झालीत, माझं काय अडलंय. मला हे कळलं शुक्रवारी दुपारी, हातात पिरोगी होती. बाबा कारखान्याच्या फाटकातून बाहेर आले, बँड वाजतोय, सगळे टाळ्या वाजवताहेत, आणि फाटकाबाहेर पहिलं वळण कुठलं? डावं. बँड थांबल्यावर बाबांनी गाडी पण थांबवली. तो कान, मुनिफ. टाळ्यांमधून ऐकलं त्यांनी.

उतरले, दार उघडलं, लोटलं, उघडलं, लोटलं. चेहरा असा झाला, की अजून... जाऊ दे. मग सगळ्यांसमोर तुझ्या वडिलांना बोलावलं. म्हणाले, 'काईद, हे पॅनल तू लावलंस. लावायच्या आधी आत बघितलं होतंस?' तुझे वडील म्हणाले, 'बघितलं होतं, मास्तर.' 'मग हे काय आहे?' तुझ्या वडिलांनी बँडकडे बघितलं. 'काढ आणि बघ.' तुझे वडील जागचे हलले नाहीत. 'मी नाही काढणार,' म्हणाले. एवढंच. बाबांना त्यांच्या जन्मात असं कुणी म्हटलं नव्हतं. म्हणाले, 'ज्या दिवशी तू स्वतः येऊन काढशील त्या दिवशी बोलू. तोवर ह्या दाराला कुणी हात लावायचा नाही.' आणि सोमवारी ठिपके दिले. संपलं. ओसरीवरचा चहा संपला. नुसता काईदचा विषय निघाला तरी बाबा उठून जायचे. मी काय करत होतो? मी पिरोगी खात होतो. खरंच, थट्टा नाही करत, सगळ्यात शेवटी त्या ताटात काही उरलं नाही, इतक्या खाल्ल्या.

सांगायला पाहिजे होतं, हे मला कळत नाही का? त्या रात्री सांगणार होतो, मग म्हटलं रविवारी सांगू, मग म्हटलं ईस्टरला सांगू, मग कारखानाच बंद झाला, ऐंशीमध्ये, भिंती पाडल्या, मी एक वीट घरी आणली आठवण म्हणून, म्हटलं आता काय सांगायचं. एकदा चोरून काढायचं पण ठरवलं. बाबा चर्चला गेले, मी पोटात दुखतंय म्हणून घरी, स्क्रूड्रायव्हर घेऊन गॅरेजमध्ये गेलो — आणि बाबा चष्मा विसरले म्हणून परत आले! मी स्क्रूड्रायव्हर पँटमध्ये लपवला आणि म्हटलं, गाडी पुसत होतो. बाबा म्हणाले, 'पोट?' मी म्हटलं, 'पुसून बरं वाटतं.' एकतीस वर्षांचा होतो. बायको, दोन मुलं, आणि बापाला सांगतोय, गाडी पुसून पोटाला बरं वाटतं. आता दोन वर्षं झाली, ते वृद्धाश्रमात आहेत, किल्ली माझ्याच खिशात असते, घर माझं, गॅरेज माझं, कुणी बघायला नाही. तरी हात लावला नाही मी दाराला. घाबरतो. ह्या वयात बापाला घाबरतो, हस खुशाल.

नाही हसत? बरं.

तर आता का आलो. येत्या रविवारी त्यांचा नामदिवस आहे, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस, आमच्यात वाढदिवसासारखा करतात. मागच्या आठवड्यात म्हणाले, 'लेशेक, काईदला शोध. मला ते दार उघडलेलं बघायचंय. फार दिवस नाहीत माझ्याकडे. तो नाही म्हणाला तर त्याला सांग, मास्तर विनंती करतोय.' विनंती! झिग्मुंट नोवारांच्या तोंडी मी तो शब्द पहिल्यांदा ऐकला. तर रविवारी तुझ्या वडिलांना घेऊन ये, ते स्क्रू काढतील, आत हात घालतील, आणि हा नट निघेल. बास. एक सुटा नट, राहिला असेल चुकून, माणूस आहे, घाईत राहतो. बाबा म्हणतील, बघ, म्हटलं नव्हतं? तुझे वडील म्हणतील, चुकलं मास्तर. मिठी मारतील. म्हातारे आहेत दोघं, रडतील जरा, मग चहा होईल. कुणाचं काही बिघडत नाही. बाटली नाही, चिठ्ठी नाही, आणि —

ब्रश का ठेवलास?

मुनिफ, तसं नाही रे. तुझ्या वडिलांवर ढकलतोय असं नाही. आधीच त्यांच्यावर आहे ना ते, बेचाळीस वर्षं आहे, मी फक्त — मी नवीन काही नाही टाकत, मी फक्त ते जरा छोटं करतोय. बाटलीपेक्षा नट बरा. नाही? चुकून राहिलेल्या नटाची काय एवढी... हं. ऐकायला कसं वाटतं ते मला पण आत्ताच कळलं. घरी आरशासमोर म्हणून बघितलं तेव्हा चांगलं वाटलं होतं.

आणि तू विचारायच्या आधी मीच सांगतो, नाहीतर तुझे वडील सांगतील — नाही, ते नाही सांगणार, तेच तर. त्यांनी बघितलं होतं मला. मी बाटली टांगत होतो तेव्हा ते माझ्या शेजारी उभे होते, पॅनल हातात घेऊन. चिठ्ठी पण बघितली. हसले, मान हलवली, आणि पॅनल लावून टाकलं, सात स्क्रू. प्रूइटची गाडी म्हणून. म्हणजे त्या शुक्रवारी फाटकाबाहेर बाबा जेव्हा म्हणाले 'काढ आणि बघ', तेव्हा तुझे वडील माझ्याकडे बघत होते. बँडच्या ढोलामागे उभा होतो मी. एक पाऊल पुढे यायचं होतं. एक. त्यांनी वाट पाहिली, मी सांगतो ना तुला, चांगली वाट पाहिली, आणि मग म्हणाले, 'मी नाही काढणार'. पॅनल काढलं असतं तर बाबांनी काय वाचलं असतं? 'म्हाताऱ्या डुकरा', आणि खाली पोराची सही, रेघ ओढून.

आणि आता हे पण घे, आलंच आहे तोंडात तर. मला बरं वाटलं होतं. थोडंसं. बाबा घरी आले, ओसरीवर एकटे बसले, आणि मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो, तुझ्या वडिलांच्या खुर्चीवर, आणि मनात म्हटलं, चला, रिकामी झाली. ही खुर्ची. अशी घाण आहे माझ्यात. बाबा रस्त्याकडे बघत बसले. मी पण बसलो. तेवढ्यासाठी.

कुणाला फोन लावतोस? मुनिफ. कुणाला — अरे, अरबीत काय सांगतोयस, माझं नाव घेतलंस ना आत्ता? घेतलंस. ऐकलं मी. ठेव फोन. मी नंतर येतो, मी पत्र लिहितो त्यांना, चांगलं, सविस्तर — मला नको देऊ, मुनिफ, नको —

हॅलो.

काईद? मी... मी लेशेक. हो. झिग्मुंटचा. नाही, बाबा आहेत, बरे आहेत, जेवतात-बिवतात. हो. हो, वाजतं अजून. डावीकडे वळलं की. काईद, मी तुझ्या मुलाकडे आलो होतो, आणि मी फार वाईट काम सांगत होतो त्याला, तो सांगेल तुला. हो, सांगू दे. मला फक्त एक — तू बोलला का नाहीस रे तेव्हा? तू निर्धास्त बोलू शकत होतास. मी कुठे तुझा सख्खा लागत होतो?

काय?

परत म्हण.

'मास्तरांना मुलगा एकच होता. मित्र दुसरा मिळाला असता.'

नाही मिळाला, काईद. नाही रे. दुसरा कुणीच नाही मिळाला त्यांना. ती खुर्ची... मी बसायचो तिच्यावर. नाही, रडत नाहीये, रंगाचा वास आहे इथे, डोळ्यात जातो. ऐक — रविवारी तू ये. पण दाराला हात लावू नकोस. नुसता येऊन बस. नाही, ते मी करतो. मीच. त्यांना कुणी सांगायचं हे विचारतोस? मीच सांगणार, काईद. ठेवतो.

घे तुझा फोन. आणि तो नट दे इकडे, नाही, फेकून दे, कचऱ्यात टाक. रंग राहू दे, नको आता रंग. रविवारपर्यंत थांबलो तर मी परत ईस्टरपर्यंत थांबेन, मला माहीत आहे मी कसा आहे ते. आत्ता साडेबारा, बाबा वृद्धाश्रमात सूप पीत असतील, त्यांचं सूप थंड करतो आज. स्क्रूड्रायव्हर हा घेऊ का तुझा? उद्या आणून देतो. किल्ली दे. अरे बघत काय उभा राहिलास, बाजूला हो ना, गाडी काढू दे मला.